मटणवालीची प्रवेश परीक्षा

११ फेब्रुवारी

आज सकाळी मी खांद्याचे तुकडे करत होते, तेवढ्यात बाबांनी ओंडक्यावर एक कागद आणून ठेवला. ओंडक्यावर मटणाशिवाय काही ठेवायचं नाही हा त्यांचाच नियम. म्हणून मी कागदाकडे बघायच्या आधी त्यांच्याकडे बघितलं.

"नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरलाय," ते म्हणाले.

"कुणाचा?"

"तुझा."

मी चोवीस वर्षांची आहे. शाळा सोडून सहा वर्षं झाली. ही सहा वर्षं रोज शटर मी वर केलंय, सत्तूर मी परजलाय आणि गिऱ्हाइकांच्या "जरा नळी घाल गं"ला मीच तोंड दिलंय. इंजेक्शन या विषयाशी माझा संबंध इतकाच की ते मला टोचलं की मी शिव्या देते.

"मला विचारलंत?"

"आता सांगतोय की."

आई गल्ल्यावर बसून पिशव्या सुट्या करत होती. सुट्या केलेल्या पिशव्याच परत सुट्या करत होती. म्हणजे तिला माहीत होतं.

क्लासची फीसुद्धा भरून झालीय. फी भरली की ही वही फुकट मिळते. पहिल्या पानावर छापलंय, "यश तुमच्या हातात आहे". माझ्या हाताला आत्ता चरबी लागलीय.

१३ फेब्रुवारी

कारण कळलं. कारण सत्तावीस वर्षांचं आहे आणि काकांच्या घरी राहतं.

माझा चुलतभाऊ कालपासून दुकानात काम शिकायला येतोय. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात घड्याळ, केसांचा कोंबडा. मटण कापायला आलाय की मुलगी बघायला, कळेना. मी त्याचं नाव नवरदेव ठेवलंय.

म्हणजे सगळं सरळ आहे. पोरगी बाहेर, पुतण्या आत. मुलगा नाही म्हणून सहा वर्षं माझ्याकडून काम करून घेतलं, आता मुलगा मिळाला. मला हाकलायचंच होतं तर तोंडावर सांगायचं. एवढ्या मोठ्या परीक्षेला बसवून कशाला हाकलायचं?

ठरवलंय. परीक्षा देणार, पास होणार आणि मग प्रवेश घेणार नाही. बघू कुणाची जिरते.

१९ फेब्रुवारी

क्लास म्हणजे एका छपाईच्या दुकानावरची खोली. खाली मशीन सुरू झालं की वर बाकं थरथरतात. गणित आणि विज्ञान दोन्ही एकच सर शिकवतात. कुठलाही प्रश्न विचारा, ते म्हणतात, "आधी कंस सोडवा." रक्ताभिसरण विचारलं तरी तेच. त्यांचं नाव कंस सर पडलंय आणि ते त्यांना माहीत आहे.

वर्गात सगळ्या पोरी सतरा-अठराच्या. मी त्यांची मावशी दिसते. माझ्यापेक्षा मोठा एकच जण, एकतीस वर्षांचा. बसमध्ये कंडक्टर होता. तिकिटांची मशीन्स आली आणि त्याची नोकरी गेली. सवय मात्र गेली नाही. मी दारात उभी होते तर म्हणाला, "मॅडम, आत सरका, मागे जागा आहे." मागे खरंच जागा होती, त्याच्या शेजारी.

त्याला रक्त बघितलं की चक्कर येते. नर्सिंगला का आलास, विचारलं, तर म्हणाला, "रक्त नसेल अशा वॉर्डात बसवतील की." मी म्हटलं, तसा एकच वॉर्ड असतो आणि तिथं नर्स लागत नाही.

४ मार्च

आज नवरदेव अत्तर लावून आला. दुकानात. मटणाच्या. समोरचा न्हावी शिंकला, गिऱ्हाइकं शिंकली, आईनं नाकाला पदर लावला. माझे डोळे चुरचुरायला लागले.

बाबा? ढिम्म. त्याच्या शेजारी उभे राहून त्याला बरगड्या कशा सोडवायच्या ते दाखवत होते, जणू काही गुलाबाच्या बागेत उभे आहेत. मागे एकदा मी केसाला सुवासिक तेल लावून आले होते, तेव्हा याच माणसानं मला परत घरी पाठवून डोकं धुवायला लावलं होतं. "आपला धंदा नाकावर चालतो," म्हणाले होते. आता लाडक्या पुतण्याच्या वेळी नाक रजेवर गेलंय.

नवरदेव बरगड्या अशा तोडतो की शेजारच्यांना वाटावं, बंब पेटवायची तयारी चालू आहे.

१७ मार्च

काल कंस सरांनी फळ्यावर हृदय काढलं आणि डावी जवनिका, म्हणजे खालचा डावा कप्पा, डाव्या बाजूला दाखवली. मी म्हटलं, सर, समोरून बघतोय तर डावी उजवीकडे येणार. ते म्हणाले, पुस्तकात आहे. मी म्हटलं, पुस्तक राहू द्या, मी रोज चार-पाच हृदयं बघते, डाव्या बाजूची भिंत जाड असते, बोटाला कळते.

"मग आणून दाखव," ते म्हणाले. चिडून म्हणाले असणार. पण मी ऐकलेलं काम करते.

आज डब्यातून बोकडाचं हृदय नेलं. उभं कापून चारही कप्पे उघडून दाखवले. पोरी आधी ई-ई करत मागे सरकल्या आणि मग सगळ्या पुढे आल्या. सरांनी महाधमनीत बोट घालून बघितलं आणि मग फळ्यावरचं चित्र पुसून टाकलं. वर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मूत्रपिंड आणा."

कंडक्टर मागच्या बाकावर आडवा झाला होता. मी त्याचे पाय वर करून ठेवले, कॉलर सैल केली, पाणी मारलं. डोळे उघडल्यावर पहिला प्रश्न विचारला, "शेवटचा स्टॉप आला का?"

२३ मार्च

कंडक्टर आता दुकानात येतो. भीती घालवायची म्हणून. दाराबाहेर उभा राहतो, मग एक पाऊल आत, मग मी सत्तूर उचलला की परत बाहेर. जाताना अर्धा किलो घेतो. आज कळलं की त्याच्या घरी सगळे शाकाहारी आहेत आणि तो ते मटण गल्लीतल्या कुत्र्यांना घालतो. शाकाहारी माणूस आठवड्यातून तीनदा मटण घेतोय. अभ्यासाची जिद्द म्हणतात ती हीच.

तो प्रश्न लिहायला तिकिटाएवढ्या चिठ्ठ्या करतो आणि रोज दहा मला देतो. आजची चेतासंस्था. मेंदूत डोपामाइन कमी झालं की कुठला आजार होतो? पार्किन्सन. पाठ. लहान मेंदूचं काम काय? तोल. पाठ.

बाबांना सध्या शर्टाची बटणं लावायला दहा मिनिटं लागतात. आईनं आज लावून दिली. या वयात लाड सुचतात.

२ एप्रिल

सराव परीक्षेत शंभरातले एक्क्याऐंशी. चुकीच्या उत्तरांचे गुण वजा करूनसुद्धा. वर्गात पहिली.

मला काही कौतुक नकोय, पण दुकानात आल्यावर सहज सांगितलं. आई म्हणाली, "अगं बाई." नवरदेव म्हणाला, "पार्टी." बाबांच्या चेहऱ्यावर रेघ हलली नाही. डोळ्याची पापणीसुद्धा लवली नाही. माझ्याकडे बघत राहिले, भिंतीकडे बघावं तसं. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. हल्ली असंच बोलतात, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

"काय?" मी विचारलं.

परत पुटपुटले. मी "जाऊ दे" म्हटलं आणि खिम्याला लागले. खिमा आज फार बारीक झाला.

वर आणखी एक नवीन थाट. डावा हात पँटच्या खिशात घालून फिरतात. दुकानात, रस्त्यात, जेवायला उठताना. पुतण्या कामाला आल्यापासून साहेब झालेत.

९ एप्रिल

आज एक बाई कालची कलेजी परत घेऊन आल्या. पिशवी उघडली आणि मी तोंड फिरवलं. आंबलेली. ती बाबांनी स्वतः निवडून दिली होती. आमच्या दुकानात असं कधी झालं नव्हतं. बाबा जनावराला लांबून हुंगून सांगायचे की काल याने काय खाल्लं.

त्यांनी पिशवी नाकाशी नेली. बराच वेळ धरली. मग खाली ठेवली आणि बाईंना म्हणाले, "चूक झाली. ताजी देतो." आवाज एवढा बारीक की बाईंनी दोनदा विचारलं.

दुपारभर ते मागच्या खोलीत बसून होते. मी मनातल्या मनात खूश होणार होते, म्हणजे पुतण्याच्या नादाला लागून धंद्याचं काय झालं ते बघा म्हणून. पण जमलं नाही. काय जमलं नाही ते कळत नाही. भागाकाराची वीस उदाहरणं सोडवली.

२१ एप्रिल

बाबांचं बोट कापलं.

डाव्या हातानं बोकडाची मांडी धरली होती, उजव्या हातात सत्तूर. सत्तूर खाली येताना डावा हात मागे घ्यायचा असतो. चाळीस वर्षं तो आपोआप मागे आलाय. आज आला नाही. तर्जनी, पहिल्या पेराच्या वर, तिरपा घाव. हाड वाचलं.

मी फडकं घट्ट दाबलं, हात डोक्याच्या वर धरायला लावला आणि रिक्षा बोलवायला सांगितलं. नवरदेवाला सांगितलं होतं, पण तो फरशीवर बसला होता. रिक्षा आईनं आणली.

दवाखान्यात टाके घालायची तयारी एका सिस्टरनं केली. पन्नाशीची, चष्मा नाकाच्या टोकावर. बाबा सुयांना घाबरतात हे मला आज कळलं. तिला बघताक्षणी कळलं असावं. तिनं विचारलं, "काका, खिम्याला कुठला भाग चांगला हो? मला दरवेळी चरबट देतात." बाबा सांगायला लागले, खांदा घ्या, मानेचा घेऊ नका, समोर उभं राहून करून घ्या. तोवर तिनं बोट बधिर करायचं इंजेक्शन दोन्ही बाजूंनी देऊन टाकलं होतं. डॉक्टर टाके घालत होते तेव्हा बाबा नळ्यांबद्दल बोलत होते.

मी तिचे हात बघत होते. एक हालचाल फुकट नाही. काय कुठे ठेवलंय ते न बघता उचलायची, वापरलेलं परत स्वच्छ बाजूला जात नव्हतं. काम करतानाच ओटा आवरून होत होता. हात कसे चालायला हवेत ते सहा वर्षं बाबा मला ओरडून सांगतायत, ते हेच.

निघताना ती बाबांना म्हणाली, "काका, डॉक्टरांना नियमित दाखवताय ना? गोळ्या वेळेवर?"

"हो, हो," बाबा म्हणाले.

बाहेर येऊन मी विचारलं, कसल्या गोळ्या? म्हणाले, बीपीच्या. बाबांना बीपी आहे हे मला नवीनच.

तर. पास होऊन प्रवेश घ्यायचा नाही, असं मी फेब्रुवारीत लिहिलं होतं. आता तसं लिहिता येणार नाही. मला ते काम करून बघायचंय. हे पेनानं लिहितेय, खोडता येणार नाही.

६ मे

परीक्षेला बारा दिवस.

संध्याकाळी क्लासच्या जिन्यात बसून कंडक्टर आणि मी चिठ्ठ्या खेळत होतो. नवीन प्रकार. तो लक्षणं वाचणार, मी आजार सांगणार. कावीळ सांगितली, मधुमेह सांगितला, थायरॉइड सांगितला. मग त्यानं वाचलं, "चेहरा भावशून्य, पापण्या कमी लवतात. आवाज बारीक होतो. चालताना एक हात हलत नाही. बटणं लावण्यासारखी कामं हळू होतात. कित्येक वर्षं आधीच वास येणं कमी झालेलं असू शकतं. ओळखा कोण."

मी म्हटलं, "आमचे बाबा."

आणि हसले. तो हसला नाही. त्यानं बाबांना आठवड्यातून तीनदा बघितलंय.

खाली छपाईचं मशीन सुरू झालं, जिना थरथरायला लागला. कंडक्टरनं ती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. म्हणाला, "मॅडम, मी घरापर्यंत येतो." वाटेत काही बोलला असता तर मी त्याला मारलं असतं.

७ मे

दिवसभर बाबांना बघितलं. काही लिहायचं नाही.

ही वही मात्र पहिल्यापासून वाचली. पानोपान त्या चिठ्ठीतलंच लिहिलंय, माझ्याच अक्षरात, वर शिव्या घालून.

८ मे

आज दुकान बंदचा दिवस. बाबा आणि मी ओंडका घासायला गेलो, मीठ आणि तारेचा ब्रश घेऊन. ते एका हातानं घासत होते.

मी म्हटलं, "बाबा, डावा हात खिशातून काढा."

ते घासत राहिले.

"बाबा."

काढला. बोटाला पट्टी होतीच. अंगठा बोटावर घासला जात होता, एकसारखा, गोळी वळावी तसा. ते त्या हाताकडे बघत होते, दुसऱ्याचा असल्यासारखे.

"कधीपासून?"

"मागच्या ऑगस्टपासून. म्हणजे डॉक्टर त्याच्या आधीपासून म्हणतात."

"आईला माहीत आहे?"

"तीच ओढत घेऊन गेली."

"आणि त्याला?"

"त्याला सांगूनच बोलावलं. फसवून कसं बोलावणार?"

म्हणजे नवरदेवाला माहीत होतं. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, तो तीन महिने गप्प राहिला. माझ्या शिव्या खाऊन. मला एकदम इतका राग आला की कुणाचा ते कळेना.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर फॉर्म फाडला असतास."

"फाडलाच असता."

"मग?" ते म्हणाले, जणू उत्तर देऊन झालं.

मी म्हटलं, दुकान मी चालवते. नवरदेव कशाला, मी आहे. तुमच्यापेक्षा चांगलं चालवते.

"चालवतेस," ते म्हणाले.

हे त्यांनी सहा वर्षांत पहिल्यांदा कबूल केलं. त्यामुळे पुढे काय बोलायचं ठरवलं होतं ते मी विसरले.

"चालवतेस म्हणूनच," ते म्हणाले. फार हळू बोलत होते, मी ओंडक्यावर वाकून ऐकत होते. "दुकान तुझ्याकडे आलं की मीपण तुझ्याकडे आलो. सकाळी बोकड उचल, संध्याकाळी बाप उचल. हा आजार लवकर मारत नाही म्हणाले डॉक्टर. वीस वर्षं चालतो. तू तेव्हा चव्वेचाळीसची असशील. मला घरात नर्स नकोय."

"मग मला नर्स कशाला करताय?"

"लोकांची हो. लोकांची नर्स झालीस की आठवड्याची सुट्टी असते."

मी मीठ घासायला लागले. डोळ्यांत गेलं. मीठ घासताना जातंच.

थोड्या वेळानं विचारलं, "आणि नापास झाले तर?"

"तर खिम्याला ये."

९ मे

नवरदेवाशी बोलले. म्हणजे त्याच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "अत्तर बंद कर." तो म्हणाला, "काकांना वास येतो का ते बघायला म्हणून लावलं होतं. पहिल्या दिवशी. मग रोज लावत राहिलो, एखाद्या दिवशी ओरडतील म्हणून."

मी त्याला बरगड्या सोडवायला शिकवल्या. सांध्यात सुरी घाल, हाडावर नको. तीनदा सांगितलं. चौथ्यांदा जमलं.

१८ मे

परीक्षा झाली.

केंद्रावर हजारभर पोरी आणि एक कंडक्टर. दाराशी तो सगळ्यांना "पुढे चला, आत जागा आहे" सांगत होता, कुणी नेमलं नसताना. पहारेकऱ्यानं त्याला साहेब समजून सलाम केला.

प्रश्न: माणसाच्या बरगड्यांच्या जोड्या किती? अकरा, बारा, तेरा, चौदा. माझा हात सरळ तेरावर गेला. बोकडाच्या तेरा. गोल भरणार तेवढ्यात थांबले आणि स्वतःच्या कुशीत हात घालून मोजायला लागले. पर्यवेक्षक बाई येऊन म्हणाल्या, "बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, बारा वाटतंय.

पार्किन्सनवर एकही प्रश्न आला नाही. आला असता तर बरं झालं असतं की वाईट, माहीत नाही.

शेवटचा प्रश्न: तुम्हाला नर्स का व्हायचंय, पाच ओळींत लिहा. सगळ्या पोरींनी सेवा लिहिलं असणार, बाहेर तशीच चर्चा चालू होती. मी लिहिलं की माझे हात चांगले आहेत, रक्ताचा त्रास होत नाही, लोक घाबरले की त्यांच्याशी दुसऱ्याच विषयावर बोलता येतं, आणि मी ओटा स्वच्छ ठेवते. पाचवी ओळ सुचेना. वडिलांची इच्छा आहे, असं लिहिलं, खोडलं. मग "मलाच व्हायचंय" लिहिलं.

२६ जून

यादी लागली. साठ जागा. मी एकोणचाळिसावी. कंडक्टर पस्तिसावा, म्हणजे चार नंबरनं माझ्या पुढे, आणि ज्याला मी पाणी मारून शुद्धीवर आणलं त्यानं माझ्या पुढे असणं मला मान्य नाही. तो म्हणाला, "मॅडम, मी पुढे जाऊन जागा धरतो." बरा माणूस आहे. सगळ्यांशीच असा वागत असेल.

कंस सरांना पेढे न्यायचे की मूत्रपिंड, विचार केला. दोन्ही नेलं.

घरी सांगितलं. आई रडली. बाबांच्या चेहऱ्यावर काही नाही. पण आता मी चेहऱ्याकडे बघत नाही. कानाजवळ गेले. ते म्हणाले, "एकोणचाळिसावी? अडतीस जण तुझ्यापेक्षा हुशार?"

२ ऑगस्ट

आज प्रवेश. कॉलेज बसनं चार तासांवर. बाबा म्हणाले, मी येणार. आईनं नको म्हटलं, मी नको म्हटलं, ते बूट घालून बसले. नवरदेवानं दुकान एकट्यानं उघडलं.

खिडकीपाशी मोठी रांग. पालकांच्या हमीपत्राच्या तीन प्रती, तीन सह्या. बाबांनी पहिली केली, बरी आली. दुसरी निम्मी झाली. तिसरी म्हणजे मुंगी चिरडल्यासारखी.

कारकुनानं तिन्ही कागद शेजारी ठेवले. "काका, या तिन्ही वेगळ्या माणसांच्या वाटतात. जुळायला हव्यात." नवीन प्रती दिल्या. परत तेच, मोठी, बारीक, मुंगी.

"असं करा," तो म्हणाला, "अंगठा द्या. शाईचं पॅड आहे."

बाबांनी पेन खाली ठेवलं. काहीतरी बोलले.

"मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही."

मी बोलणार होते. बाबांनी उजवा हात माझ्यासमोर आडवा धरला. मग त्यांनी श्वास घेतला आणि खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाले, "मला कंपवात आहे. अक्षर बारीक होत जातं. अंगठा देणार नाही. मला सही येते."

हा शब्द आमच्या घरात अजून कुणी उच्चारला नव्हता. आम्ही "ते" म्हणतो. "ते"च्या गोळ्या, "ते"चे डॉक्टर.

कारकून वाईट माणूस नव्हता. त्यालाही कळेना काय करावं. तो कागद उगाच सरळ करत राहिला.

गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी घरातल्या फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवायला सांगितल्या होत्या. बाबांची पावलं छोटी पडतात, पण समोर पट्टी दिसली की ती ओलांडायला पाऊल मोठं पडतं. मला वाटलं, पावलाला चालतं ते पेनाला का नाही?

मी कारकुनाकडे पट्टी आणि पेन्सिल मागितली. तीन नवीन प्रतींवर सहीच्या जागी दोन-दोन रेघा मारल्या, बोटभर अंतर ठेवून.

"बाबा, खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत. दोन्ही रेघांना पेन लागलं पाहिजे. घाई नको."

त्यांनी पहिली केली. मग दुसरी. प्रत्येक अक्षर रेघेला टेकलंय का ते बघत, शाळेतल्या पोरासारखं जीभ बाहेर काढून. तिसरीसुद्धा पहिलीएवढीच आली. शेवटचं अक्षर चौकट ओलांडून कॉलेजच्या शिक्क्याच्या जागेत घुसलं.

कारकुनानं तिन्ही शेजारी ठेवल्या. बराच वेळ बघितल्या. शिक्का उचलला आणि जिथं जागा उरली होती तिथं, तिरपा मारला.

"हे कुठं शिकलात?" त्यानं मला विचारलं.

"अजून कुठंच नाही," मी म्हटलं. "सोमवारपासून."

बाबा हसले. म्हणजे चेहरा तसाच होता. पोट हललं.